बिशपचं पथ्यपाणी

पॉइंट शेवरेट, लुइझियाना
मे महिन्यातला रविवार, जेवणानंतर (जेवणाबद्दल पुढे येईलच)

मेव्हणेराजे नेस्टर यांस, बायूच्या संथ, दलदलीच्या पाण्याकाठून अल्सीदचा, म्हणजे तुझ्या एकुलत्या एक दाजीचा, मनापासून नमस्कार.

तू, तुझी बायको आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. मिनियापोलिसमधला बर्फ वितळला असेल तर आनंद आहे. नसेल तर ते शहर तुझं तू निवडलंयस. इकडे आम्ही ठीक. तुझ्या बहिणीची, क्लोथिल्दची, पाठ जागच्या जागी आहे, माझा गुडघा जागच्या जागी नाही (कारण यथावकाश कळेल), आणि तुझ्या मातोश्री, म्हणजे माझ्या सासूबाई, यांची तब्येत इतकी सुधारली आहे की आता घरातल्या बाकीच्यांची बिघडायची वेळ आली आहे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात सासूबाई आहेत. मी हे मागच्या शेडमध्ये, दुरुस्तीला आलेल्या एका बोटीच्या इंजिनावर कागद ठेवून लिहितोय. कागदावर तेलाचे डाग दिसले तर ते माझे अश्रू समज.

आता तुझ्या त्या भेटीबद्दल. गेल्या उन्हाळ्यात सासरे गेले, आणि ऑक्टोबरात तू गाडीच्या मागच्या सीटवर काचेची पेटी घालून आलास. 'आईला सोबत होईल,' म्हणालास. (तुझ्या घरी सगळे त्या सोबतीला कंटाळले होते, हे तू म्हणाला नाहीस, ते तुझ्या बायकोच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.) मी पेटीत डोकावलो तर आत हिरवा सरडा. सरडा म्हणजे कुंपणावरचा नव्हे. शेपटीसकट माझ्या हाताहून लांब, पाठीवर करवतीचे दाते आणि गळ्याखाली लोंबणारी कातड्याची झोळी. हा इग्वाना आहे, अगदी शाकाहारी आहे, काहीही हिरवं घाला, कसलाही त्रास नाही, एवढी माहिती देऊन तू दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पसार झालास. चोरसुद्धा निदान कॉफी पिऊन जातात.

नाव सासूबाईंनी ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं, त्यानेही त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने मान ताठ करून सावकाश खालीवर केली, गळ्याची झोळी फुगवली आणि आशीर्वाद दिल्यासारखे डोळे मिटले. 'हा तर बिशप आहे,' सासूबाई म्हणाल्या. ही बातमी फादर एमिलच्या कानावर गेली तेव्हा वाटलं, आता काही खरं नाही. पण ते उलट मुद्दाम बघायला आले, दोन मिनिटं पेटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, साम्य आहे, मात्र मी असं म्हणालो हे गावाबाहेर जाऊ देऊ नका. (तू गावाबाहेर आहेस. तेव्हा तू हे वाचलं नाहीस.)

सासूबाईंची तेव्हाची अवस्था तुला फोनवरून कळली नसेल, कारण फोनवर त्या नेहमी 'मी मजेत' एवढंच म्हणतात. सासऱ्यांना मातीत ठेवून आल्या त्या दिवसापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. पडदे ओढलेले, काळा झगा, हातात जपमाळ आणि समोर टीव्हीवर असलं काहीतरी, ज्यात लोक चाक फिरवून फ्रिज जिंकतात. अंगणातला भाजीचा वाफा सासरे गेल्यावर तणाने भरला होता, तिकडे त्या खिडकीतूनसुद्धा बघत नसत. नोव्हेंबरात त्यांनी शेगडीवरचं बिडाचं भांडं उचललं आणि मनगट मोडलं. पडल्या नाहीत, कुठे आपटल्या नाहीत, नुसतं भांडं उचललं. त्या बाहेर पडेनात, म्हणून डॉक्टर लँड्री घरी आले, प्लॅस्टर घातलं आणि म्हणाले, हाडं आतून पोकळ झाली आहेत. उन्हात बसा, थोडं चाला, खारट मांस कमी करा, आणि या कॅल्शियमच्या गोळ्या घ्या. सासूबाई म्हणाल्या, ज्याच्याबरोबर उन्हात बसत होते तो गेला. यावर डॉक्टरकडे गोळी नव्हती.

अशा घरात तुझा बिशप येऊन पडला होता. पहिला महिनाभर क्लोथिल्द त्याला दुकानातल्या सॅलडची पानं घालायची आणि तो ती मुकाट्याने खायचा. सासूबाईंना ते बघवेना. त्यांच्या घरात पाहुण्याला कच्चा पाला म्हणजे घराण्याची अब्रू गेली. शिवाय हिरवं तर हिरवं, मोहरीची भाजी काय निळी असते? आपल्याकडे मोहरीची भाजी कशी होते ते तुला आठवत असेल. आधी खारवलेलं डुकराचं मांस, मग कांदा, मग पुन्हा डुकराचं मांस, आणि भांड्यात जागा उरलीच तर मोहरी. मोडक्या हाताने त्यांनी भाजी रांधली, बशीत घेऊन त्याच्यापुढे ठेवली, आणि बिशपने ती बशी अशी चाटूनपुसून साफ केली की क्लोथिल्दने ती न धुताच मांडणीत ठेवली असती. (ठेवली नाही. तुझी बहीण आहे, पण तितकीही नाही.)

मग काय विचारतोस. सासऱ्यांच्या खुर्चीवर उशी ठेवून बिशपची पंगत सुरू झाली. भाजी, भाजीच्या रश्श्यात कालवलेला भात, लोणी लावलेली मक्याची भाकरी, रविवारी केळ्याचा केक. एका हाताला प्लॅस्टर, दुसऱ्या हाताने त्या त्याला भरवत आणि दिवसभराच्या गोष्टी सांगत. गोष्टी काय, तर चाक फिरवून कोणी फ्रिज जिंकला. खरं सांगतो, मी आणि क्लोथिल्द खूश होतो. घरात पुन्हा कोणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता. तो एका सरड्याशी होता, पण जावयाशीही त्या याहून फार जास्त कधी बोलल्या नव्हत्या.

जानेवारीत बिशपचा खालचा जबडा दोन्ही बाजूंनी सुजला. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, 'बघ, अंगी लागतंय.' मांड्याही भरल्या, दाबून पाहिल्या तर दगडासारख्या. आम्हाला वाटलं, गडी बाळसं धरतोय. मग त्याच्या पायाची बोटं थरथरायला लागली, शनिवारच्या नाचात ॲकॉर्डियन वाजवणाऱ्याची थरथरतात तशी. मग तो चालताना पोट जमिनीवरून ओढायला लागला. आणि एके दिवशी त्याने खुर्चीवर चढायला पाय उचलला, जमलं नाही, तेव्हा तिथेच खाली डोकं टेकून पडून राहिला. सासूबाईंनी बशी खाली जमिनीवर ठेवली आणि स्वतःही शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांना परत उठवायला दोन माणसं लागली.

मी त्याला खेकड्यांच्या लाकडी खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. ही डॉक्टर म्हणजे डॉक्टर त्रिन्ह, तिच्या घरचे कोळंबीच्या बोटींवरचे, वय असं की मी तिला आधी स्वागतकक्षातली मुलगी समजलो. तिने बिशपला तपासायच्या आधी मलाच तपासलं. खायला काय देता? म्हटलं, हिरवी भाजी. कुठली? म्हटलं, मोहरी, सलगमचा पाला. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, उत्तम, याहून चांगलं काही नाही, बहुतेक लोक नुसतं सॅलडचं पान घालतात, त्यात पाण्याशिवाय काही नसतं. मी छाती पुढे काढली. मग ती म्हणाली, 'कच्चीच ना?'

मी बिशपकडे पाहिलं. बिशपने भिंतीकडे पाहिलं.

पण तू मला ओळखतोस. आपल्या घरच्या भाजीबद्दल कोणी विचारलं तर मला गप्प बसवत नाही. मी तिला सगळी कृती सांगितली, मांस कुठल्या दुकानातलं, किती वेळ परतायचं, शेवटी चिमूटभर तिखट. अर्ध्यात तिने पेन खाली ठेवलं. मग तिने त्याच्या हाडांचा फोटो काढला आणि दिव्यासमोर धरला. नेस्टर, आमच्या खिडकीच्या डासांच्या जाळीतसुद्धा त्याहून जास्त हाड दिसलं असतं. डॉक्टर म्हणाली, हा जन्माचा पालाखाऊ प्राणी, मांस याच्या मूत्रपिंडाला विष आहे. आणि जबडा सुजलाय तो बाळसं धरून नाही, हाड मऊ पडतंय म्हणून. ऊन मिळतं का? म्हटलं, दिवसभर खिडकीत असतो. खिडकी उघडी? म्हटलं, बंद, हिवाळा आहे. तेव्हा तिने सांगितलं की हाडांना लागणारं ऊन काचेतून येतच नाही. म्हणजे सगळा हिवाळा तो बिचारा उन्हाचं चित्र बघत बसला होता.

पथ्य ठरलं ते असं: मोहरी, सलगमचा पाला, भोपळा, जास्वंदीची फुलं, सगळं कच्चं, पिचकारीने तोंडात कॅल्शियमचं औषध, खास दिवा, आणि हवा उबदार असेल तेव्हा बाहेरचं, खरं ऊन. मांस, अंडं, लोणी, केक बंद. घरी येऊन मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं.

'मोहरी, मांसाशिवाय?' त्या म्हणाल्या.

'हो.'

'आणि कच्ची?'

'हो.'

'त्याने असं केलंय तरी काय?'

मी म्हटलं, त्याने काही केलेलं नाही, आपण केलंय. त्या छातीवर क्रूस काढून म्हणाल्या, ठीक आहे, आजपासून त्याला मांस नाही. आणि हा शब्द त्यांनी पाळला. माझ्या सासूबाईंनी दिलेला शब्द मोडला असं कोणी म्हणू शकत नाही. त्या फक्त शब्दाच्या शेजारून जातात.

कारण त्याच आठवड्यात लेंटचा उपासकाळ सुरू झाला. तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे उपास म्हणजे काय: मांस नाही, मग खेकडे, कोळंबी, शिंपले, मासे, आणि चर्चने मगरीलाही मासळीत बसवल्यामुळे शुक्रवारी मगरसुद्धा चालते. या काळात आमच्या गावाचं वजन वाढतं. बिशप कच्ची मोहरी खायचा, पण रडतखडत. मात्र सासूबाई म्हणायच्या, थोडं खातो पण सुधारतोय. एके दिवशी क्लोथिल्द त्याची पेटी साफ करायला गेली तर उशीखाली कोळंबीची शेपटी.

'आई, हे काय?'

'कोळंबी.'

'मांस बंद सांगितलं होतं ना?'

'बंदच आहे. कोळंबी मांस असती तर मी शुक्रवारी खाल्ली असती?'

क्लोथिल्दने तो प्रश्न माझ्याकडे आणला. मी तो फादर एमिलकडे नेला. ते म्हणाले, चर्चच्या बाजूने बघितलं तर तुझ्या सासूचं बरोबर आहे, मूत्रपिंडाचं मला माहीत नाही. असा सल्ला घेऊन मी परत आलो तेव्हा घरात आवाज नव्हता. सासूबाई जमिनीवर होत्या, बिशप त्यांच्या मांडीवर होता, आणि त्याचा मागचा एक पाय जिकडे वळायला नको तिकडे वळला होता. तो पडला नव्हता, कुठे आपटला नव्हता. नुसता खुर्चीवरून खाली उतरला होता.

सासूबाई म्हणाल्या, 'माझी टोपी आण. मी येते.'

सासऱ्यांच्या अंत्यविधीनंतर त्या पहिल्यांदा घराबाहेर पडत होत्या. त्याच टोपीत. गाडीत खोकं मांडीवर घेतलं आणि वाटभर त्यावर हात ठेवून बसल्या. मी घसा साफ करून एक विनोद करणार होतो, पण क्लोथिल्दने आरशातून असं बघितलं की तो मी गिळला.

डॉक्टर त्रिन्ह रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, सासूबाईंना रागावणाऱ्यांशी वागायची सवय आहे. तिने बिशपच्या पायाला पट्टी बांधली आणि मग सासूबाईंचं बोट हातात घेऊन हळूच त्याच्या जबड्यावर ठेवलं. जबडा दबला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. सासूबाईंनी बोट मागे घेतलं नाही.

'हाड असं का होतं?' त्यांनी विचारलं.

'रक्ताला कॅल्शियम लागतंच,' डॉक्टर म्हणाली. 'खाण्यातून आलं नाही, ऊन मिळालं नाही, तर ते घरातलंच काढून वापरतं. हाडातलं. वरून काही दिसत नाही, पण आतून वासे पोखरले जातात. मग एक दिवस काहीच न होता मोडतं.'

सासूबाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. प्लॅस्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच जुळलं होतं.

'आणि मांस?'

'मूत्रपिंड आधीच थकलंय. अजून मांस गेलं तर पुढच्या वेळी माझ्याकडे एकच इंजेक्शन उरेल, आणि ते बरं करण्याचं नसतं.'

'कोळंबीसुद्धा?'

'कोळंबीसुद्धा.'

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. 'तू कॅथलिक आहेस का?'

'मी आहे,' डॉक्टर म्हणाली. 'हा नाही.'

नेस्टर, सबंध आयुष्यात सासूबाईंनी हार मानलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. सासऱ्यांना हे बघायला मिळालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

परतताना पुलाजवळ त्या म्हणाल्या, 'मी त्याला मारत होते, अल्सीद.' मी म्हटलं, आई, प्रेमाने घालत होतात. त्या म्हणाल्या, 'प्रेमाने तर मी तुझ्या सासऱ्यांनाही घालत होते. डॉक्टरने त्यांनाही खारट बंद सांगितलं होतं.' त्यावर मी गाडीचा गिअर बदलला, जो बदलायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून घराची सत्ता बदलली. सकाळी दहाच्या उन्हात सासूबाई मागच्या पायऱ्यांवर, शेजारी कोंबड्यांच्या जाळीच्या पिंजऱ्यात बिशप, अर्धा सावलीत अर्धा उन्हात, डॉक्टरने सांगितलं तसा. त्याला एकटा ठेवता येत नाही, वर ससाणे फिरतात आणि शेजारच्या कुत्र्याला शिकार नावाची गोष्ट नुकतीच कळली आहे. तेव्हा पहारा सासूबाईंचा. काळा झगा, टोपी, मांडीवर सासऱ्यांची बंदूक. (बंदुकीत काडतूस नाही. हे ससाण्यांना आणि कुत्र्याच्या मालकाला माहीत नाही.) बायूवरून जाणाऱ्या बोटी हे दृश्य बघून इंजिन मंद करायच्या. आधी लोक लांबून हात करायचे, मग थांबायला लागले, मग सासूबाईंना विचारायला लागले की मम ओझीत, बिशपसाहेब कसे आहेत. हळूहळू पायऱ्यांवर असा दरबार भरू लागला की रविवारी चर्चपेक्षा तिथेच जास्त लोक. फादर एमिल तक्रार करत नाहीत. तेही तिथेच असतात.

औषधाचं मात्र कठीण गेलं. पिचकारी दिसली की बिशप तोंड असं मिटायचा की पक्कड लावून उघडावं. पाय दुखत होता, औषध कडू होतं, आणि एकूण माणसांवरचा त्याचा विश्वास उडाला होता, त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. एकदा मी खिडकीतून बघत होतो. सासूबाईंनी पिचकारी खाली ठेवली, आत गेल्या, डॉक्टर लँड्रींच्या गोळ्यांची बाटली घेऊन आल्या (सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं), एक गोळी जिभेवर ठेवली आणि त्याच्यासमोर तोंड उघडून दाखवलं. 'बघ, घेतली,' म्हणाल्या. 'घाणेरडी आहे. आता तुझी पाळी.' बिशपने काही लगेच तोंड उघडलं नाही, तो काही गोष्टीतला सरडा नाही. पण त्यांनी रोज त्याच्यासमोर गोळी घेतली, आणि रोज थोडं थोडं करून, अंगाखांद्यावर सांडत, औषध आत जायला लागलं.

मग त्यांना दुकानातल्या मोहरीचा संशय आला. फवारा मारलेली असते म्हणे. म्हणून सासऱ्यांचा वाफा उकरला. म्हणजे मी उकरला, त्या पायरीवरून हुकूम सोडत होत्या. तण काढलं, मोहरी पेरली, सलगम पेरले, कुंपणाला जास्वंद लावली. आणि मग क्लोथिल्दने जाहीर केलं की एका घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत. नेस्टर, मी माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या टेबलावर, एका सरड्याच्या पानातलं उरलेलं खातो. मोहरी उकडलेली, वर लिंबू. मांस आठवड्यातून एकदा, तेही कोंबडीचं, कातडी काढून. परवा माझी विजार बसल्या जागी सैल झाली. बोटीवाले विचारतात, अल्सीद, आजारी होतास का?

आता माझा गुडघा. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं, जरा पाय मोकळे करू दे म्हणून. बिशपने इकडे तिकडे पाहिलं, मान वर केली आणि पिकॅनच्या झाडावर चढला. ज्याला खुर्ची चढवत नव्हती तो बघता बघता शेंड्याजवळ. सासूबाई खालून हाका मारतायत, तो वरून आशीर्वाद देतोय. क्लोथिल्द म्हणाली शिडी आण. मी शिडी आणली. माझं वय बघता शिडी धरायला हवी होती ती मी, चढायला हवं होतं दुसऱ्या कोणी, पण दुसरं कोणी नव्हतं. मी फांदीपर्यंत पोचलो, हात पुढे केला, 'ये बाळा' म्हटलं (हे शब्द क्लोथिल्दने ऐकले आणि सगळ्या गावाला सांगितले), तेव्हा त्याने शेपटीचा असा फटका माझ्या कानशिलात हाणला की मला सासरे दिसले. शिडी एकीकडे गेली, मी दुसरीकडे. पडलो तो नव्या मोहरीच्या वाफ्यात, गुडघ्यावर. डोळे उघडले तर वरून बिशपने उरलेला हिशोबही पुरा केला, अगदी नेमका, माझ्या टोपीवर.

तेव्हा मला एक आवाज आला. आधी वाटलं सासूबाई रडतायत, त्यांची मोहरी चिरडली म्हणून. मान वळवून पाहिलं. त्या पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हातांनी पोट धरून, टोपी तिरकी झालेली, आणि हसत होत्या. शब्द फुटत नव्हता इतक्या हसत होत्या. क्लोथिल्द माझ्याकडे धावत येत होती ती मध्येच थांबली, वळली, आणि आईकडे बघत उभी राहिली. मला उठवायला कोणीच आलं नाही. मीही उठायची घाई केली नाही.

बिशप ऊन उतरल्यावर स्वतःच खाली आला, जास्वंदीच्या फुलासाठी. डॉक्टर त्रिन्हने परवा तपासलं. पाय जुळलाय. जबडा घट्ट झालाय, पण जरा वाकडाच राहील. सासूबाई म्हणाल्या, वाकडा तर माझा हातही आहे. मूत्रपिंडाबद्दल डॉक्टर म्हणाली, सांभाळून राहिलात तर पुष्कळ वर्षं काढेल. हे ती त्याच्याबद्दल बोलत होती की सगळ्यांबद्दल, ते मी विचारलं नाही.

असो. इथे थांबतो, इंजिनाचा मालक दोनदा डोकावून गेला. मुलांना आशीर्वाद, बायकोला नमस्कार, आणि पुन्हा कधी कोणाला सोबत म्हणून काही द्यावंसं वाटलं तर पानाफुलांवर भागव.

तुझा दाजी,
अल्सीद

ता. क. या पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. तू जानेवारीत फोन करून म्हणाला होतास की तुझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात आईसाठी चांगली, उबदार खोली बघून ठेवली आहे, आणि ही गोष्ट तिच्याकडे मी काढावी, कारण जावयाचं वाईट वाटत नाही. मी ती काढलेली नाही. आधी त्यांचं मनगट होतं, मग बिशपचा जबडा, मग लेंट, मग माझा गुडघा. आता काढायची इच्छा नाही. तिथे सरडे घेत नाहीत, अंगण नाही, आणि बंदूक तर नक्कीच चालणार नाही. ती खोली दुसऱ्या कोणाला देऊन टाक. यात माझा काही उपकार नाही. त्या गेल्या तर सकाळी दहाला पायऱ्यांवर मलाच बसावं लागेल.

ता. ता. क. वर मी जेवणाबद्दल जे लिहिलं त्यावरून माझी दया येऊन सॉसेज पाठवू नकोस. पाठवलंसच तर शेडच्या पत्त्यावर.

नेस्टर, मी तुझी आई. अल्सीदला पाकीट नीट चिकटवता येत नाही, त्यामुळे मी सगळं वाचलं. डॉक्टरकडे पहिल्यांदा गेला तेव्हा हा दवाखान्यात रडला होता, ते त्याने लिहिलेलं नाही. मला त्या डॉक्टरणीने सांगितलं. खोलीचं मला जानेवारीतच कळलं होतं, या घराच्या भिंती पातळ आहेत. तेव्हाच मी बॅग भरली होती. म्हातारं माणूस दुसऱ्याच्या घरात किती दिवस राहणार, आणि मुलगी-जावई तोंडाने थोडंच म्हणणार. तुला फोन करून येते म्हणून सांगणार, तर त्याच सुमारास हा प्राणी खुर्चीवर चढेनासा झाला, आणि मग जायला सवडच झाली नाही.

बॅग काल रिकामी केली. अल्सीदला यातलं काही सांगू नकोस. आपण मला थांबवलं असं त्याला वाटतंय, आणि त्याचा गुडघा दुखतोय, तेवढं त्याला वाटू दे.